घर पाहावे विकत घेऊन

निवृत्तीपूर्वी शासकीय निवासस्थान सोडण्याचा अर्ज भरत असताना त्यातील एका रकान्याशी मी थबकले. ‘निवृत्तीनंतरचा कायमचा पत्ता’ असा तो रकाना होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकोणीस घरांत राहिले. काही बंगले होते, काही दोन खोल्यांची क्वार्टर्स होती, तर एका तालुक्यात तहसील कार्यालयामागची गळकी खोली होती. परंतु यांपैकी कोणत्याच घराच्या भिंतीत खिळा ठोकण्याचा अधिकार माझा नव्हता. माझे यजमान काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकवीत होते आणि त्यांचेही आयुष्य विद्यापीठाच्या निवासस्थानांतच गेले. त्यामुळे वयाच्या साठाव्या वर्षी आम्ही दोघे प्रथमच घर विकत घेण्यासाठी बाहेर पडलो.

वाराणसीच का, असे पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात. माझे बालपण वाईला कृष्णेच्या घाटावर गेले. वाईला दक्षिण काशी म्हणतात, तेव्हा दक्षिण काशीतून निघून मूळ काशीत स्थिरावणे मला तरी विसंगत वाटले नाही. शिवाय महाराष्ट्राबाहेर तीन-चार दशके काढलेल्या माणसाला ‘परत’ हा शब्द वाटतो तितका सोपा राहत नाही, हे माझ्यासारख्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. मी म्हणेन, घर पाहावे विकत घेऊन. विशेषतः ज्याने आयुष्यभर इतरांच्या घरांच्या कागदांवर सह्या केल्या, त्याने तर अवश्य पाहावे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात आली. दलाल माझ्याशी नव्हे, यजमानांशी बोलत. स्वयंपाकघर दाखविताना मात्र ते माझ्याकडे वळत. पैसे माझ्या भविष्यनिर्वाह निधीचे आहेत व खरेदी माझ्या एकटीच्या नावे होणार आहे, हे सांगितल्यावर एक दलाल समाधानाने म्हणाला, “बहुत अच्छा, स्टांप में छूट मिल जाएगी.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. उत्तर प्रदेशात मुद्रांक शुल्क सामान्यतः ७ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे. स्त्रीच्या नावे खरेदी झाल्यास शुल्कात सवलत मिळते, आणि आमची शोधाशोध चालू असतानाच, २०२५ साली, राज्य शासनाने १ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती १ टक्का केली. महाराष्ट्रातही एप्रिल २०२१ पासून अशी १ टक्क्याची सवलत आहे. हेतू चांगला आहे. परंतु ‘मॅडम का नाम डाल दीजिए’ हे वाक्य पुढच्या काही महिन्यांत मी इतक्या वेळा ऐकले की, नाव घालणे आणि घर देणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे विसरता येईना.

पहिले घर होते शहराच्या बाहेरच्या रिंग रोडजवळ, एका नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर. खिडकीतून मोहरीची शेते दिसत होती. विक्रेत्याने १,४५० चौरस फूट सांगितले. यजमानांनी खिशातून टेप काढून खोल्या मोजल्या, तेव्हा हिशेब जेमतेम हजारापर्यंत गेला. उरलेले क्षेत्र जिना, लिफ्ट, गच्ची आणि भाषेच्या चातुर्यात होते. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या करून दिली आहे व किंमत त्यावरूनच समजून घ्यावी, हे मी स्वतः लोकांना सांगत आले होते. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदविल्याखेरीज बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. येथे मात्र ‘बुकिंग’ म्हणून ३० टक्के मागितले गेले, तेही साध्या पावतीवर. मंजूर नकाशा पाहायला मागितला, तेव्हा इमारतीचे एक रंगीत चित्र माझ्या हाती देण्यात आले. चित्रात झाडे फार सुंदर होती.

दुसरे घर म्हणजे खरे तर घर नव्हते, भूखंड होता. मालक परगावी, विकणारा त्याचा मुखत्यार. ‘मुख्तारनामा रजिस्टर्ड है’ हे तो पुन्हापुन्हा सांगत होता. त्याच मुखत्यारपत्राच्या आधारे तो मला पुढचे मुखत्यारपत्र देणार होता, म्हणजे मुद्रांक वाचला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले की मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्या निकालाची प्रत मी एकेकाळी कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात वाटली होती. समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, “मॅडम, यहाँ तो सब ऐसे ही चलता है.” त्या गल्लीत अशा ‘चाललेल्या’ जमिनीवर वीस-पंचवीस घरे उभी होती, त्यांच्या दारांत रांगोळ्या होत्या, मुले खेळत होती. प्रशिक्षणवर्गात हा मुद्दा सोपा असतो.

वाचकांसाठी येथे थोडी शब्दांची उजळणी करते. आपले खरेदीखत म्हणजे इकडचा बैनामा. आपला फेरफार तो इकडचा दाखिल-खारिज. आपल्या चतुःसीमा ती चौहद्दी. मागील बारा वर्षांत त्या मालमत्तेवर कोणते दस्त नोंदले गेले याचा जो शोध घेतात, त्याला बारहसाला म्हणतात. नव्या खरेदीदाराला वाटते की हे सर्व कागद जमले म्हणजे मालकी सिद्ध झाली. तसे नाही, आणि हाच या लेखाचा मूळ मुद्दा आहे.

आपल्या देशात शासन मालकीची हमी देत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोंदणी कायदा १९०८ सालचा. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो, सह्या करणारी माणसे तीच आहेत ना हे पाहतो, शुल्क घेतो. परंतु विकणारा खरोखर मालक आहे काय, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका नियमासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले. फेरफाराचेही तसेच. तो कर व महसूल कोणाकडून वसूल करावा एवढ्यापुरता असतो. उपजिल्हाधिकारी असताना दाखिल-खारिजची शेकडो अपिले मी ऐकली आणि प्रत्येक आदेशाच्या शेवटी लिहिले की या नोंदीने मालकी हक्क ठरत नाही. हे वाक्य मला पाठ होते. त्याचा अर्थ मात्र माझे स्वतःचे पैसे पणाला लागले तेव्हा समजला.

तिसऱ्या घरी जाण्यापूर्वी दलालाने मोठ्या विश्वासाने एक पुडके दिले. त्यात नगर निगमच्या गृहकराच्या सलग बावीस वर्षांच्या पावत्या होत्या. त्या पाहून मला जुना इतिहास आठवला. १८१० साली कंपनी सरकारने पंधराव्या विनियमाने या शहरातील घरांवर कर बसविला. तेव्हा बनारसच्या लोकांनी दुकाने बंद केली, कामधंदा सोडला आणि हजारोंच्या संख्येने ते उघड्यावर धरणे धरून बसले. पुढल्या वर्षी सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. त्या आंदोलनाचे सरकारी कागद धरमपाल यांनी शोधून १९७१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ज्या करापायी हे शहर रस्त्यावर आले होते, त्याच कराची पावती आज मालकीचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. पावती एवढेच सांगते की कोणीतरी पैसे भरले.

ते तिसरे घर ब्रह्माघाटाच्या परिसरातले. खरे सांगायचे तर ते पाहण्यापूर्वीच माझे मन तिथे गुंतले होते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा भाग म्हणजे काशीतले मराठी घरांचे जुने वसतिस्थान. विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारले. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा घाट आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म याच शहरात भदैनीला झाला. या परिसरात आजही एखाद्या दारावर मराठी आडनावाची पाटी दिसते. घरांच्या क्रमांकांतही जुनी वस्ती बोलते : ‘के’ म्हणजे कोतवाली, ‘सीके’ म्हणजे चौक, ‘डी’ म्हणजे दशाश्वमेध. ‘के’ने सुरू होणारा क्रमांक आपल्या पत्त्यात असावा, एवढा मोह मलाही होता.

तीन मजली दगडी घर. मध्ये चौक, त्यावर लोखंडी जाळी, कोपऱ्यात विहीर, वरच्या गच्चीवरून गंगेचा एक तुकडा दिसे. गंगेपासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामास बंदी असल्याने पाडून बांधण्याचा प्रश्न नव्हता. दुरुस्तीलाही परवानगी लागणार होती. आम्हाला पाडायचे नव्हतेच. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाल्यापासून यात्रेकरूंची संख्या वाढली आहे आणि गल्ल्यांमधली जुनी घरे भराभर अतिथिगृहे होत आहेत. त्या धामासाठीच तीनशेहून अधिक मालमत्ता घेण्यात आल्या होत्या. राहण्यासाठी घर मागणारे गिऱ्हाईक आले, याचेच विकणाऱ्या दोघा भावांना नवल वाटले. दोघेही काशीच्या वळणाचे गोड मराठी बोलत. वडील १९९८ साली वारले होते. करनोंदीत दोघांची नावे होती, बारहसाला निर्वेध होता आणि किंमत आमच्या आवाक्यात होती. यजमानांनी गच्चीवर खुर्ची कोठे ठेवायची हेही ठरविले.

तळमजल्यावर एक वृद्ध भाडेकरू बाई राहत. वय ऐंशीच्या पुढे. सासूबरोबर काशीवासाला आल्या आणि येथेच राहिल्या. त्यांचे भाडे इतके किरकोळ होते की भाऊ ते सांगतानाही संकोचले. ‘त्यांचे आम्ही बघून घेऊ, घर मोकळे करून देऊ,’ असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की काकू राहतील तोवर राहू देत, आम्हाला दोन मजले पुरेत. हे काकूंच्या कानावर गेले असावे. दुसऱ्या खेपेस त्यांनी मला आत बोलाविले, गूळपाणी दिले आणि सहज विचारल्यासारखे विचारले, “मुलींना विचारलं का हो यांनी?”

तोपर्यंत या घरात मुली होत्या हे कोणी बोललेच नव्हते. दोन बहिणी होत्या. थोरली जबलपूरला, धाकटी काही वर्षांपूर्वी निवर्तली होती व तिला एक मुलगा आणि एक मुलगी होती. भावांना विचारले तेव्हा त्यांना माझ्या प्रश्नाचा रागही आला नाही. ते फक्त म्हणाले, “ताई, त्यांची लग्नं होऊन चाळीस वर्षं झाली. त्यांचा काय संबंध?”

कायदा मी त्यांना समजावून सांगितला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी मुलाइतकीच वारस आहे. मात्र त्याच कायद्यात कलम २३ होते. कुटुंब ज्या घरात राहते त्या घराची वाटणी मुलगे मागत नाहीत तोवर मुलीला मागता येत नसे, आणि तेथे राहण्याचा हक्कही फक्त अविवाहित, विधवा, परित्यक्ता वा विभक्त झालेल्या मुलीलाच होता. म्हणजे हिस्सा होता पण दार बंद होते. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम रद्द झाले आणि वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला जन्मसिद्ध हक्क मिळाला. महाराष्ट्राने या दिशेने १९९४ सालीच पाऊल टाकले होते. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काविषयीचे उरलेसुरले संशय दूर केले. तेव्हा या घराच्या बैनाम्यावर चौघांच्या वतीने सह्या हव्यात, आणि दिवंगत बहिणीच्या जागी तिच्या वारसांच्या, असे मी म्हटले. करनोंदीत नाव नसल्याने हक्क नाहीसा होत नाही.

हे सारे मी अधिकाऱ्याच्या सवयीने, मुद्देसूद सांगितले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. १९९२ साली माझे वडील वारले. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी वाईच्या नोंदणी कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही केली होती. कोणी जबरदस्ती केली नव्हती. भावाने कागद पुढे केला, आई शेजारी बसली होती, आणि मला दुसऱ्या दिवशीची गाडी गाठायची होती. तेव्हा मी चार वर्षे सेवेत होते, वारसाहक्काची प्रकरणे रोज हाताळत होते. तरीही तो कागद मी वाचला नाही. सही करणे हा माझ्या प्रेमाचा पुरावा आहे असे सर्वांना वाटत होते, मलाही. पुढे ते घर विकले गेले. त्या दिवशी एखादा अनोळखी खरेदीदार ‘मुलीला विचारले का’ म्हणून अडला असता तरी कागद पक्का असल्याने काही बदलले नसते. पण कोणी विचारलेही नाही, हे तेहतीस वर्षांनी ब्रह्माघाटाच्या एका चौकात मला प्रथमच टोचले.

दीड महिना गेला. भावांकडून निरोप नव्हता. मग एका दुपारी अपरिचित क्रमांकावरून फोन आला. जबलपूरच्या थोरल्या बहिणीचा होता. त्या म्हणाल्या, “तुम्ही माझी सही मागितलीत ना? त्यामुळे धाकट्याचा फोन आला. एरवी भाऊबीजेलासुद्धा येत नाही.” थोडे थांबून म्हणाल्या, “मला पैसे नकोत. पण ते घर मी विकू देणार नाही. आई त्या मागच्या खोलीत गेली. तुमचं नुकसान केलं, राग मानू नका.”

मी राग मानला नाही. मात्र खोटे कशाला सांगू, त्या रात्री मला वाईट वाटले. काकूंनी प्रश्न विचारला नसता, किंवा मी तो ऐकून न ऐकल्यासारखे केले असते, तर कदाचित ते घर आज माझ्या नावावर असते. यजमान एवढेच म्हणाले, “चुकीच्या कागदावर बसून गंगा बघण्यापेक्षा खिडकीतून लिंबाचं झाड बघू.” काकू अजून तळमजल्यावरच आहेत. मी अधूनमधून जाते.

अखेर आम्ही एका जुन्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर घेतले. विकणारी व्यक्ती एकटी मालक होती, मूळ खरेदीपासूनचे सर्व दस्त हाती होते. गंगा दिसत नाही. लिंबाचे झाड आहे.

परमुलखात प्रथमच घर घेणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवातून चार गोष्टी :

१. बारा वर्षांचा शोध हा किमान समजावा. शक्य असल्यास तीस वर्षे मागे जावे, आणि घर वारशाने आलेले असेल तर मूळ मालकाच्या मृत्यूपर्यंत जावेच.

२. करपावती, वीजबिल व फेरफार हे ताब्याचे व कराचे पुरावे आहेत. त्यांवरून मालकी ठरत नाही.

३. कागदावर कोणाची नावे आहेत हे वकील सांगेल. कोणाची नाहीत, हे शेजारी आणि भाडेकरू सांगतात. त्यांच्याकडे बसून एकदा पाणी प्यावे.

४. विक्रेत्याच्या बहिणी किती, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. तो उद्धट वाटला तरी चालेल.

बैनामा लिहिण्याच्या दिवशी दस्तलेखकाने संगणकावर माझे नाव घातले आणि मान वर न करता विचारले, “मॅडम, वाइफ ऑफ लिखें या डॉटर ऑफ?” यजमान शेजारीच बसले होते. मी म्हटले, “पुत्री लिखिए.” मग वडिलांचे संपूर्ण नाव, आडनावासह, त्याला अक्षर-अक्षर सांगितले. मराठी आडनाव त्याने दोनदा चुकीचे टंकले. तिसऱ्यांदा बरोबर आले, तेव्हा पूर्ण दस्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून मी सही केली.